मक्याचा दाणा आणि त्यामागची विद्या

परक्या देशाची ओळख मुलांस करून देण्यास त्या देशाच्या ताटाइतकें सोपें साधन दुसरें नाहीं. नकाशा पाहून मूल जांभई देतें. चूल दिसली कीं तें पुढें सरसावतें. परंतु जी ओळख सहज होते ती वरवरची राहण्याची धास्तीहि तितकीच असते. मेक्सिकोचें उदाहरण या दृष्टीनें फार बोधप्रद आहे.

मेक्सिको शहरांत जन्मलेल्या पाती हीनिच या पूर्वीं राजकारणाच्या अभ्यासक होत्या. अमेरिकेंत स्थायिक झाल्यावर त्यांनीं तें काम सोडून स्वयंपाकघराची वाट धरली, आणि २०११ सालीं तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘पातीज मेक्सिकन टेबल’ हा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्या मेक्सिकोच्या निरनिराळ्या प्रांतांत हिंडतात, बाजार पाहतात, तेथील बायांच्या चुलीपाशीं उभ्या राहतात आणि घरीं परतून तसेच पदार्थ रांधतात. त्यांचे मुलगेहि त्यांत कित्येकदां दिसतात. परदेशीं वाढणाऱ्या मुलांस आईचा देश चाखावयास मिळतो, तो असा.

हें सर्व पाहणें सुखाचें खरें. पण पडदा पोळी दाखवितो, तिच्यामागची रात्र दाखवीलच असें नाहीं. मेक्सिकोची ‘टॉर्टिया’ म्हणजे मक्याची पातळ पोळी. तिची परंपरागत रीत अशी: मका चुना घातलेल्या पाण्यांत उकळून रात्रभर तसाच ठेवावयाचा, दुसऱ्या दिवशीं चोळून धुवावयाचा, पाट्यावर वाटावयाचा आणि मग पोळी तव्यावर भाजावयाची. चुन्याच्या योगानें मक्यांत अडकून पडलेलें नायसिन नांवाचें जीवनसत्त्व मोकळें होऊन अंगीं लागतें.

कोलंबसाच्या १४९२ सालच्या सफरीनंतर मका युरोपांत गेला. चुन्याची रीत मात्र त्याच्याबरोबर गेली नाहीं. अठराव्या शतकांत स्पेन व उत्तर इटली येथील जे गरीब शेतकरी जवळजवळ मक्यावरच गुजराण करीत, त्यांच्यांत पेलाग्रा हा रोग पसरला. कातडी सोलवटे, जुलाब लागत, शेवटीं बुद्धीहि भ्रमे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतहि हजारों माणसें त्याला बळी पडलीं. धान्य पोहोंचलें, विद्या मागें राहिली.

युनेस्कोनें २०१० सालीं मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें, तें केवळ चवीसाठीं नव्हे. शेती, विधि, हातचें कसब आणि गांवकीच्या चालीरीती हें सारें त्या वारशाचें अंग मानलें आहे.

म्हणून मुलांसमवेत असा कार्यक्रम पाहणाऱ्या आईबापांनीं मधूनच एक प्रश्न विचारावा: हें कोणीं केलें, आणि असेंच कां केलें? मराठी घरांत या प्रश्नासाठीं दूर जावयास नको. फोडणींतली मिरची मूळची त्याच भूमींतली; पोर्तुगीजांच्या काळांत ती समुद्रमार्गें इकडे आली. एवढें कळलें, तरी मेक्सिको हा मुलाला नुसता पडद्यावरचा देखावा वाटणार नाहीं. ज्या देशाची मिरची रोज आपल्या पानांत येते, त्याचें ऋण तें मानूं लागेल.