जवळची सहल : पेडणे आणि डिचोली
(शिक्षक, ग्रामपंचायतींचे सभासद व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेले भाषण)



सहल म्हटली की आपल्या मनात दूरची गावे येतात. शाळेच्या बैठकीत विषय निघाला की म्हैसूर, हंपी, महाबळेश्वर अशी नावे पुढे येतात, वर्गणी ठरते, गाडी ठरते. या स्थळांची थोरवी कोणीच नाकारणार नाही. पण ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे अशी मुले त्या वर्गणीपाशीच अडतात, आणि जी जातात त्यांचा निम्मा वेळ गाडीत झोपण्यात जातो. म्हणून आज मी आपल्यापुढे एका वेगळ्या सहलीचा विचार मांडणार आहे. ही सहल एका दिवसात किंवा एका रात्रीत आटोपते, तिला खर्च थोडा लागतो, आणि तिच्या केंद्रस्थानी एखादा काला, एखादे उत्सवी नाटक, एखादे भजन किंवा एखादी जत्रा असते. भोवतालची स्थळे त्या निमित्ताने पाहावयाची. अशा सहलीसाठी पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांइतकी सोयीची भूमी दुसरी क्वचितच सापडेल.

याचे कारण इतिहासात आहे. तिसवाडी १५१० मध्ये, तर बार्देश व सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले. तेथील देवळे पाडली गेली आणि अनेक देव नद्या ओलांडून पलीकडच्या मुलखात आले. डिचोली आणि पेडणे हे भाग मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अंमलाखाली आले; पेडण्याचे वर्ष १७८८ आहे. या नव्या काबिजादींत तोवर देवस्थाने, त्यांचे मानकरी, त्यांचे उत्सव ही सारी व्यवस्था टिकून राहिली होती. आपल्याकडे नाटक आणि गाणे देवळाच्या आश्रयाने वाढले. जेथे देऊळ राहिले तेथे मंडप राहिला, आणि जेथे मंडप राहिला तेथे कलाही राहिली.

डिचोली तालुक्यातील नार्वे गावी याची साक्ष मिळते. श्रीसप्तकोटीश्वर हे कदंब राजांचे दैवत. त्याचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. ते उद्ध्वस्त झाल्यावर लिंग नदीपार डिचोली महालात आणले गेले, आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. अलीकडे राज्य शासनाने या वास्तूचे जतनकार्य केले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते मंदिर पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. जुन्या गोव्याहून दिवाडीला आणि दिवाडीहून नार्व्याला फेरीबोटीने येता येते. मुलांना याच वाटेने आणावे. देव ज्या पाण्यावरून आला ते पाणी स्वतः ओलांडले, म्हणजे इतिहासाचा तो धडा पाठ करावा लागत नाही.

नार्व्याहून मयेचे तळे, तेथून डिचोली शहर आणि पुढे साखळी असा क्रम ठेवता येतो. डिचोलीतील नमाजगा औरंगजेबाचा पुत्र अकबर याच्या नावाशी जोडलेला आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बापाविरुद्ध बंड करून तो या भागात आला होता. साखळीजवळचे हरवळे तर एका ठिकाणी तीन गोष्टी दाखविते : धबधबा, श्रीरुद्रेश्वराचे देऊळ आणि जांभ्या दगडात खोदलेली प्राचीन लेणी. धबधब्याची खरी शोभा पावसाळ्यात, पण त्याच दिवसांत खडक निसरडे असतात आणि पाण्याला ओढ असते. मुलांना घेऊन पाण्यात उतरू नये, दुरून पाहावे.

साखळीला वाळवंटी नदीच्या काठी श्रीविठ्ठलाचे मंदिर आहे. या स्थानाला गोव्याचे पंढरपूर म्हणतात आणि आषाढी एकादशीला गावोगावच्या दिंड्या तेथे येतात. कार्तिकातील त्रिपुरारी पौर्णिमेला याच विठ्ठलापुरात नदीत दीपदान होते. गावोगावच्या तरुणांनी कौशल्याने बनविलेल्या लहानमोठ्या नौका दिव्यांनी उजळून पाण्यावर सोडल्या जातात, त्रिपुरासुराचा वध होतो आणि त्याला गायन-वादनाची जोड असते. दिवसा नार्वे, मये, हरवळे आणि सायंकाळी वाळवंटीचा काठ, अशी एका दिवसाची सहल त्या तिथीला उत्तम जमते. या नौका पाहणाऱ्या मुलाला हस्तव्यवसायाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

आता पेडण्याकडे वळू. पेडणे शहरात श्रीभगवतीचे मंदिर आहे. त्याच्या दाराशी उभे असलेले दोन भव्य हत्ती लहान मुलांच्या कायमचे लक्षात राहतात. येथील दसरा आणि त्यानंतर येणारी कोजागरीची रात्र, जिला आपण 'पेडण्याची पुनव' म्हणतो, ही दूरदूरच्या लोकांना ओढून आणते. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात. भूतनाथ आपले देऊळ एका रात्रीत बांधून मागतो आणि ते आजवर कोणाला जमले नाही, अशी आख्यायिका सांगतात. तालुक्यात हळर्ण्याचा किल्ला आहे, हरमलला समुद्राला लागूनच गोड्या पाण्याचे तळे आहे, मोरजीच्या किनाऱ्यावर समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला लागतो. तो सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पेडण्याच्या मालपे गावाचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर या थोर गायिकेला १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. मालप्यावरून जाताना गाडी दोन मिनिटे थांबवून एवढे तरी मुलांना सांगावे.

परंतु पेडण्याच्या सहलीचा प्राण म्हणजे काला, अर्थात दशावतार. कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू झाला की शेजारच्या सिंधुदुर्गातील आणि आपल्या भागातील मंडळ्या गावोगाव खेळ करीत फिरतात. पूर्वी हे कलावंत रंगभूषेचे आणि वस्त्रांचे पेटारे डोक्यावर घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जात. आरंभी गणपती आणि सरस्वती येतात, वेद चोरणारा काळ्या वेषातील संकासुर येतो आणि मालवणी बोलीत सर्वांना हसवितो. विष्णूच्या हातून त्याचा वध झाला की मुख्य आख्यान सुरू होते. साथीला पेटी, मृदंग आणि झांज. रंगभूमीवर एखादे बाकडे. तेच सिंहासन होते, तेच पर्वत होते. स्त्रीपात्रे पुरुषच रंगवितात. पहाटे दहीहंडी फुटते आणि खेळ संपतो.

या खेळाला लिखित संहिता नसते, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. कथानक ठरलेले, पण संवाद नट उभ्याउभ्या रचतो. समोरच्या प्रेक्षकांनी दाद दिली की त्याला पुढचे वाक्य सुचते, प्रवेश फुलतो, सवालजबाब रंगतो. प्रेक्षक उठून गेला की तोच नट दहा वाक्यांचे काम दोन वाक्यांत उरकतो. लिहिलेले नाटक वाईट दिवसांतही पुस्तकात शाबूत राहते. दशावतार मात्र ऐकणाऱ्याच्या कानावर जगतो. आज अनेक ठिकाणी आरंभीचा आड-दशावतार आखडता घेतला जातो, आणि मध्यरात्रीनंतर मंडपातील चटया रिकाम्या दिसू लागतात. अनुदान, पुरस्कार, स्पर्धा यांचे मोल आहेच. पण अनुदानाने मंडळी जगेल, खेळ जगण्यास प्रेक्षकच लागतो. आपण पन्नास माणसे एखाद्या गावी जाऊन पहाटेपर्यंत बसलो, तर त्या रात्रीचा खेळ निराळा होतो. म्हणून या सहलीला मी केवळ करमणूक समजत नाही. न जाण्याची किंमतही आपल्यालाच मोजावी लागेल.

उत्सवी नाटकांचेही तसेच आहे. देवाच्या उत्सवात गावच्या तरुणांनी नाटक बसवावे, शेतकऱ्याने राजा व्हावे, शिक्षकाने दिग्दर्शन करावे, ही आपली जुनी रीत आहे. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धांतून चमकणाऱ्या कितीतरी नटांना पहिले धडे या देवळाच्या मंडपातच मिळतात. शेजारच्या गावचे नाटक पाहावयास जाणे हा आपल्या वाडवडिलांचा शिरस्ता होता. तो मोडू देऊ नये.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. बाहेरची माणसे आली की जत्रेचा बाजार होतो, असे जाणते लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. किनाऱ्यावरील गावांचे रूप कसे पालटले हे पेडणेकर पाहतच आहेत; २०२३ च्या जानेवारीपासून मोपा येथील विमानतळावरून विमाने ये-जा करू लागली आहेत आणि वर्दळ आणखी वाढणार आहे. पण आपण पाहुणे म्हणून जातो की गिऱ्हाईक म्हणून, यावर सारे अवलंबून आहे. डिचोली तालुक्यातील साळ गावी होळीच्या दिवसांत तीन रात्री गड्यांचा उत्सव होतो. तेथे अंधाराला मान आहे. पाहुण्याने दिवे किंवा मोबाईलचा प्रकाश पाडू नये. जे गाव जी मर्यादा सांगेल ती पाळावी. शिरगावची श्रीलईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया आणि मोरजीची मोरजाई या लोककथेत बहिणी मानल्या जातात, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीणही त्यांचीच बहीण. दोन तालुके आणि दोन धर्म यांना एका नात्यात गुंफणाऱ्या या कथेचा अर्थ ज्याला कळला, तो पाहुणा कोणत्याही गावाला जड होणार नाही.

येथे एक गंभीर गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावी लईराईची जत्रा भरते आणि व्रतस्थ धोंड होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालत जातात. २०२५ च्या जत्रेत ३ मे रोजी पहाटे चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. म्हणून लहान मुलांचा जथा घेऊन ऐन गर्दीच्या वेळी अशा जत्रेस जाऊ नये. आदल्या आठवड्यात किंवा नंतर जाऊन स्थान दाखवावे, कथा सांगावी. मोठ्यांनीही येण्याची आणि परतण्याची वाट आधी ठरवूनच निघावे.

आता काही व्यवहाराच्या सूचना. पहिली, या सहली रविवार पाहून ठरत नाहीत, तिथी पाहून ठरतात. तारीख दरवर्षी बदलते. म्हणून पंचांग पाहावे आणि देवस्थान समितीकडे चौकशी करूनच दिवस पक्का करावा. दुसरी, रात्रीच्या खेळास जावयाचे तर दुपारी मुलांना विश्रांती द्यावी, पांघरूण व पाणी बरोबर घ्यावे, आणि आख्यानाची कथा वर्गात आधी सांगून ठेवावी. कथा ठाऊक असलेले मूल झोपत नाही. तिसरी, परत आल्यावर निबंधाचे ओझे लादू नये. एक प्रवेश वर्गात करून पाहण्यास सांगावे.

पंचायतींकडे माझे मागणे थोडे आहे. आपल्या गावचे उत्सव, काले आणि नाटके यांची वर्षाची यादी तिथीसह फलकावर लावावी. जत्रेच्या जागी पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. वाट विचारणाऱ्याला नीट सांगणारा एक माहितगार माणूस नेमावा. शासकीय अधिकाऱ्यांना विनंती अशी की, काल्याच्या रात्री पहाटेची एक बस सोडण्याचा विचार व्हावा. ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही तो खेळ अर्धा टाकून शेवटच्या बससाठी उठतो. तो रसिक नाही असे नव्हे, त्याला घरी पोचावयाचे असते.

बंधुभगिनींनो, येत्या कार्तिकात जत्रांना आरंभ होईल. प्रत्येक शाळेने एक काला, प्रत्येक कुटुंबाने एक उत्सवी नाटक आणि प्रत्येक गावाने शेजारच्या गावची एक जत्रा, एवढा संकल्प पुरेसा आहे. आणि गेलात म्हणजे दहीहंडी फुटेपर्यंत जागेवरून उठू नका, एवढीच माझी आग्रहाची विनंती.