टप्प्याटप्प्याचे शुल्क : आज्ञावलीचा पहिला पाठ



सीमेवरील एका मुलाचे महत्त्व खेड्यातील शिक्षकास निराळे सांगावयास नको. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ६० मुलांपर्यंत दोन आणि ६१ ते ९० मुलांस तीन शिक्षक, असे टप्पे दिलेले आहेत. पटावर एक नाव वाढले की हिशेब पालटतो. समूह-नोंदणीच्या शुल्काचेही तसेच आहे. आणि संगणकाची आज्ञावली प्रथमच लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास याहून उद्बोधक उदाहरण क्वचितच मिळेल.

समजा, एका विज्ञान मेळाव्याचे पत्रक शाळेत आले. १० मुलांपर्यंतच्या गटास दरडोई ३० रुपये, ११ ते २५ मुलांच्या गटास दरडोई २५ रुपये आणि २६ किंवा अधिक मुलांच्या गटास दरडोई २० रुपये, असा नियम त्यात आहे. गटाची संख्या सांगताच एकूण शुल्क दाखवील अशी आज्ञावली तयार करावयाची आहे.

यंत्राकडे वळण्यापूर्वी हे काम फळ्यावर करावे. प्रथम मुलांची संख्या विचारावी. संख्या १० किंवा कमी असेल तर दर ३० धरावा. नसेल आणि २५ किंवा कमी असेल तर दर २५ धरावा. तीही नसेल तर दर २० धरावा. शेवटी संख्येस दराने गुणून उत्तर सांगावे. एका विद्यार्थ्याने संगणक व्हावे व इतरांनी त्यास संख्या द्याव्यात. संगणक झालेल्याने लिहिलेल्या आज्ञेपलीकडे स्वतःची बुद्धी चालवावयाची नाही, एवढा एकच निर्बंध असावा. ज्या शाळेत संगणक नाही तेथेही हा पाठ येथवर पूर्ण होतो.

संगणक असल्यास गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथन ही भाषा सोयीची आहे. तिच्यात नवशिक्याच्या दोन चुका ठरलेल्या असतात. पहिली अशी की, विद्यार्थ्याने टाइप केलेले उत्तर पायथन अक्षरे म्हणून स्वीकारते, संख्या म्हणून नव्हे. त्याचे संख्येत रूपांतर न करता १२ ला ३० ने गुणले, तर ३६० येण्याऐवजी १२ हीच अक्षरे तीस वेळा ओळीने उमटतात. रूपांतर करताना मात्र देवनागरीत टाइप केलेला १२ देखील आजचे पायथन ओळखते. आज्ञावलीत लिहावयाचे दर तेवढे इंग्रजी आकड्यांत लिहावे लागतात.

दुसरी चूक अटींच्या क्रमाची. ‘१० पेक्षा जास्त असतील तर २५ रुपये’ ही अट आधी व ‘२५ पेक्षा जास्त असतील तर २० रुपये’ ही तिच्यामागे लिहिली, तर ४० मुलांचा गटही पहिल्याच अटीत अडकतो. तिसऱ्या दरापर्यंत यंत्र पोहोचतच नाही आणि तक्रारही करीत नाही.

म्हणून आज्ञावली तपासावयाची ती सीमेवरच. ५, १८ व ४० या मधल्या संख्या देऊन भागत नाही. १०, ११, २५ व २६ या दिल्याच पाहिजेत. वरील नियमाप्रमाणे उत्तरे अनुक्रमे ३००, २७५, ६२५ व ५२० रुपये येतात. येथे चौकस विद्यार्थी थबकेल. दहा मुलांना ३०० रुपये आणि अकरांना २७५? आज्ञावली चुकली काय?

आज्ञावली चुकलेली नाही. विषमता नियमातच आहे. लहान वाडीवरच्या शाळेने दहा मुले नेली, तर तिला अकरा मुले नेणाऱ्या शेजारच्या शाळेहून २५ रुपये अधिक भरावे लागतील. तसेच २१ पासून २५ पर्यंतचा प्रत्येक गट २६ मुलांच्या गटाहून अधिक रक्कम देईल.

याला पर्याय आहे व तो शिक्षकाच्या परिचयाचा आहे. आयकराचा चढता दर सर्व उत्पन्नास लागत नाही; त्या टप्प्यात येणाऱ्या भागासच लागतो. तद्वत् पहिल्या १० मुलांस ३०, पुढील १५ मुलांस २५ व त्यापुढील मुलांस २० रुपये अशी आकारणी केली, तर त्याच चार संख्यांना ३००, ३२५, ६७५ व ६९५ रुपये येतात. मूल वाढले की रक्कम वाढते. उलट कोठेच होत नाही. मात्र मोठ्या गटाची सवलत कमी होते, हेही विद्यार्थ्यास दाखवावे. २६ मुलांच्या गटास आता १७५ रुपये अधिक पडतात.

यांपैकी कोणती रीत अभिप्रेत आहे हे पत्रकातील शब्दांवरून निश्चित होत नसेल, तर आयोजकांस आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. यंत्र दोन्ही रीतींनी बिनचूक गुणाकार करील. लहान शाळेवर अधिक भार पडतो की नाही, हे पाहावयाचे काम त्याच्याकडून होणार नाही. ते विद्यार्थ्याकडून करवून घ्यावे. त्याने चारही सीमा तपासाव्यात, दोन्ही रीतींची उत्तरे शेजारीशेजारी मांडावीत आणि कोणती न्याय्य वाटते ते कारणासह वहीत लिहावे. एवढे झाले म्हणजे हा पाठ पुरा झाला असे समजावे.