खिशातला चाकू: सात नंबर की आठ?

फ्रान्समधल्या सावोआ या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 साली घडवलेला लाकडी मुठीचा घडीचा चाकू आजही जवळपास त्याच रूपात मिळतो. घेताना घोळ होतो तो सात आणि आठ नंबरात. पात्याच्या लांबीत फरक अवघा अर्ध्या सेंटिमीटरचा, 8 आणि साडेआठ. पंजा मोठा असेल तर सरळ आठ घ्या, मूठ हातात नीट बसते.

खरा विचार करायचा तो पोलादाचा. कार्बन पोलादाला धार झटकन लागते. पण लिंबू कापून चाकू तसाच मिटलात, की डाग पडलेच म्हणून समजा. कोकणातल्या दमट हवेत स्टेनलेसच बरं. पावसाळ्यात लाकूड फुगून पातं अडकतं. तेव्हा सावोआतली माणसं मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्कन आपटतात. पातं थोडं वर येतं, चिमटीत धरता येतं. पात्याच्या बुडाशी फिरतं कडं आहे, 1955 साली आलेलं. चाकू उघडल्यावर ते फिरवाच, नाहीतर पातं बोटावर मिटायचं.

आणि हो, विमानात हा चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इनच्या सामानात टाका.