पोरीनं शिकावं आणि शिकवावंही



भडगावहून एखादी पोर पुण्याला शिकायला गेली की पहिल्याच महिन्यात फोन येतो, "आई, माझं बोलणं ऐकून इथं हसतात." आपण अहिराणी बोलणाऱ्या बाया. अशा वेळी पोरीला काय सांगायचं? पंडिता रमाबाईंचं सांगा.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. नवरा वारलेला, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. प्रवासाचा पैसा उभा केला तो 'स्त्रीधर्मनीति' हे स्वतः लिहिलेलं पुस्तक विकून. तिथं वाँटेज गावी ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात राहिल्या. इंग्रजी शिकायची होती, पण उपकारावर नाही. भारतात कामाला येणाऱ्या सिस्टरांना त्यांनी मराठी शिकवायची, बदल्यात राहणं-खाणं आणि इंग्रजी, असं ठरलं. परमुलखातही जेवण शाकाहारीच ठेवलं. पुढे चेल्टनहॅमला मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या.

बघा, हाती पैसा नव्हता, पण भाषा हेच त्यांचं भांडवल होतं. आपल्या गटातही नुसतं घेणं चालत नाही, भरावंही लागतं. तसंच हे.

म्हणून पोरीला सांगा, खोलीतल्या मैत्रिणीकडून रोज दोन शब्द घे, तिला आपले दोन दे. पहिले चार आठवडे जड जातात. रडली तरी लगेच "घरी निघून ये" म्हणू नका. फोनवर मात्र अहिराणीतच विचारा, "कशी शे तू?" प्रमाण मराठी, इंग्रजी ती शिकेलच. घरची भाषा टाकायची गरज नाही.