पाळ फुटली की फोडली?

इंग्रजी क्रियापदाचे मराठी करायचे म्हणजे कोश उघडावा, समोरचा शब्द उचलावा आणि वाक्यात बसवावा, असा पुष्कळांचा समज असतो. कोशांची तर आपल्याकडे वाण नाही. मोल्सवर्थसाहेबांनी आरंभिलेला आणि कँडीसाहेबांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 सालीच छापून निघाला. परंतु मंडळी, घोडे अडते ते कोशापाशी नव्हे, वाक्यापाशी.

'ब्रेक' हे अगदी साधे क्रियापद घ्या. दोर तुटतो, काठी मोडते, घागर फुटते. इंग्रजीला तिन्ही ठिकाणी एकच शब्द पुरतो. आपण मात्र वस्तू ताणलेली आहे, वाकवलेली आहे की पोकळ आहे हे पाहून शब्द निवडतो, आणि तेही कोणी न शिकवता. इथवर फारशी अडचण नाही.

खरी मेख पुढेच आहे. मराठीत फुटणे निराळे आणि फोडणे निराळे. तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, गळणे-गाळणे या जोड्या पाहा. पहिल्या क्रियापदात गोष्ट आपोआप घडते. दुसऱ्यात ती कोणीतरी घडवितो. 'मोडणे'सारखे एखादे क्रियापद दोन्हीकडे चालते, पण ते थोडे. इंग्रजीत 'ब्रेक'चे रूप मात्र दोन्हीकडे तेच.

यात एवढे काय बिघडते, असे आपण म्हणाल. आपल्या भंडारा जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. हा तळ्यांचा मुलूख. कोहळी लोकांनी बांधलेल्या तळ्यांना आपण आजही मालगुजारी तळी म्हणतो. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, नाव राहिले. पावसाने ओढ दिली की धान जगते ते या तळ्यांच्या पाण्यावर. आता समजा, ऐन रोवणीनंतर एका रात्री तळ्याची पाळ गेली आणि खालच्या बांध्यांतले धान वाहून गेले. पुढे कागद इंग्रजीत झाला. त्यात वाक्य आहे : 'द बंड वॉज ब्रोकन'. करा पाहू याचे मराठी!

'पाळ फुटली' असे लिहिले तर तो पावसाचा प्रताप. पंचनामा होईल, नुकसानभरपाईचा अर्ज जाईल. 'पाळ फोडली' असे लिहिले तर कोणाच्या तरी हातात कुदळ होती; मग तो गुन्हा. सिंचनाच्या कामाची नासधूस करून शेतीचे पाणी कमी करणाऱ्याला 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या 430 व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा कायम आहे. एका काना-मात्रेच्या फरकाने शेजारी आरोपी होतो, किंवा खरा आरोपी सुटतो.

ही अडचण एकट्या मराठीची नाही. स्पॅनिशमध्ये कोणी वस्तू फोडली तर 'रोम्पेर' म्हणतात. आपोआप फुटली तर त्यालाच 'से' जोडून 'रोम्पेरसे' म्हणतात. म्हणजे तिकडच्या भाषांतरकारालाही त्या इंग्रजी वाक्यापाशी थांबावे लागते आणि विचारावे लागते, हे केले कोणी?

मग करावे काय? आधी मागचीपुढची वाक्ये वाचावीत. कर्ता बहुधा तिथेच सापडतो. नाहीच सापडला तर तो पदरचा घालू नये. 'पाळीला भगदाड पडलेले आढळले' असे लिहावे. मूळ कागद जितके सांगतो तितकेच यात येते. कोणावर आळ येत नाही, कोणाची सुटकाही होत नाही.

विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. क्रियापद पाठ करताना त्याचा नुसता अर्थ पाठ करू नका. कोणी, काय आणि कशाचे केले, यासह ते लक्षात ठेवा. कोश दहा शब्द पुढे ठेवील. त्यांतला कोणता उचलायचा, याची जबाबदारी आपलीच.