सही करण्याआधी विचारा

ताईंनो, मूल सकाळी लंगडतं, दुपारी खेळतं. आपण म्हणतो, "वाढत्या वयात पाय दुखततच गे!" पण सांध्याची सूज सहा आठवडे राहिली, तर तो मुलांचा संधिवात असू शकतो. त्यात कधी डोळे लाल न होताही आतून सुजतात. तेही तपासून घ्या.

मोठ्या रुग्णालयात कधी विचारतात, "मुलाला संशोधनात घेऊ?" घाबरू नका, मुलांना औषध किती द्यायचं हे त्यातूनच कळतं. पण कर्जाच्या कागदावर करतो तशी न वाचता सही नको. (तिथेही नकोच!) नवं औषध देणार की नुसत्या नोंदी ठेवणार, ते मराठीत समजून घ्या. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार मिळायलाच हवेत. मधूनच बाहेरही पडता येतं. आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या सूचनांप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलालाही विचारावं लागतं.