मुतखडा : कळ थांबली म्हणजे काय झालें?

कल्याण-डोंबिवलीहून मुंबईस नोकरीला जाणाऱ्या स्त्रिया सकाळीं पाणी पिण्याचें बहुधा टाळतात. उपनगरी गाडींत शौचालय नाहीं, प्रवास तासाभराहून अधिक, आणि स्थानकावरील सोय नकोशी. त्यांचा दोष तो काय? परंतु घामानें पाणी जातें, लघवी दाट होते आणि तिच्यांतील क्षार, विशेषतः कॅल्शियम ऑक्झलेट, खड्याच्या रूपानें जमूं लागतात.

सुश्रुतानें ‘अश्मरी’ला यमाची उपमा दिली, ती अनुभवी रोग्यास पटेल. खडा मूत्रपिंडांतून खालच्या बारीक नळींत उतरला कीं कुशींतून जांघेकडे कळ धांवते, ओकाऱ्या होतात, लघवी क्वचित् लाल होते. पांच मिलिमीटरांहून लहान खडे पुष्कळदां आपोआप पडतात. कुळथाचें कढण व पानफुटीचीं पानें यांची कीर्ति बरीचशी याच खड्यांवर उभी आहे! कढण अवश्य घ्यावें. त्याच्या भरंवशावर मोठा खडा मात्र घरीं ठेवूं नये.

कारण कळ थांबली म्हणजे खडा पडला, असें नव्हे. नळींत अडकलेला खडा कधीं दुखेनासा होतो आणि वर तुंबलेल्या लघवीच्या दाबानें मूत्रपिंड निमूटपणें निकामी होत जातें. म्हणून लघवी गाळून पहावी. खडा सांपडल्यास तपासणीसाठीं जपून ठेवावा, न सांपडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें सोनोग्राफी करून घ्यावी. कळ प्रथमच आली असेल तर ती खड्याचीच, असा निर्णय घरीं करूं नये. अपेंडिक्सही असाच फसवितें.

कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा घोटभर पाणीही पोटांत ठरेना, तर सकाळची वाट पाहूं नये. एकच मूत्रपिंड असलेल्यांनीं व गर्भवतींनीं तर नुसत्या कळेलाही तत्काळ दवाखाना गांठावा. तुंबलेल्या लघवींतील जंतु कांहीं तासांत रक्तांत पसरूं शकतात. अशा वेळीं आधीं नळी घालून लघवीला वाट करून देतात, खड्याचें मागाहून पाहतात. ठाणेकरांस कळव्याचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणांत रुक्मिणीबाई व डोंबिवलींत शास्त्रीनगर, हीं पालिकांचीं रुग्णालयें आहेत.

चिरफाडीच्या भीतीनेंही पुष्कळजण दिवस काढतात. वास्तविक १९८० सालीं म्यूनिक येथें बाहेरून आघात-लहरींनीं खडा फोडण्यास आरंभ झाला, आणि आतां दुर्बिणीनेंही तो काढतात.

दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकें पाणी प्यावें. हृदयविकार असलेल्यांनीं मात्र आधीं विचारावें. दूध सोडूं नये, पापड-लोणच्यांचें मीठ आंवरावें. गाडीपूर्वीं पाणी पिणें जमत नसेल त्या भगिनींनीं कचेरींत पोहोंचतांच पाण्याची बाटली समोर ठेवावी आणि दुपारपर्यंत ती संपवावी.